सुखसाठा दोन तिमाहीत बंद पडणार

१९ ऑक्टोबर
आजपासून रोजनिशी. कारण, दूरदृष्टीच्या माणसाच्या विचारांची नोंद कोणी ठेवत नाही आणि नंतर सगळे म्हणतात, हे आधी कुठे सांगितले होते. मी सांगतो आहे. तारीख वर आहे.

मोलगी रोडला सुखसाठा मार्ट उघडून आठवडा झाला. काचेचा दरवाजा, आत एसी, चाकांच्या टोपल्या. अख्खे अक्कलकुवा एसी खाऊन आले. आमच्या सुकलाल क्लॉथ स्टोअर्समध्ये आज सकाळपासून तीन गिऱ्हाइके, त्यातले एक पाचशेचे सुटे मागायला.

वडील, म्हणजे आबा, गादीवर बसून जांभया देत होते. त्यांना काळजी नाही. मलाही नाही, पण माझ्या काळजी नसण्याला आधार आहे. मी बी.कॉम. आहे. सुखसाठा ही शेअर बाजारातली कंपनी. तिला दर तीन महिन्यांनी आपला नफातोटा जगासमोर मांडावा लागतो. म्हणजे शत्रू दर तिमाहीला स्वतःच शर्ट वर करून पोट दाखवणार. फक्त बघणारा जाणकार पाहिजे, आणि तो या गावात आहे.

२२ ऑक्टोबर, दुपार
जुलै ते सप्टेंबरचा निकाल मोबाईलवर उतरवला. बायकोने, चेतनाने विचारले, काय वाचता. म्हटले, इन्कम स्टेटमेंट. कोणाचे. सुखसाठाचे. ती म्हणाली, आणि आपले कधी. म्हटले, आपले उद्यापासून.

आता निकाल. एप्रिल-जूनमध्ये विक्री २,१४० कोटी, जुलै-सप्टेंबरमध्ये २,०१०. निव्वळ नफा ९६ कोटींवरून ६१. मी वाचताना उठून उभाच राहिलो. ग्राफ पेपरवर नफ्याचे दोन बिंदू काढले आणि पट्टीने रेषा पुढे ओढली. दोन बिंदूंतून एकच रेषा जाते, हे शाळेतच सिद्ध झाले आहे. रेषा मार्चअखेर शून्याच्या खाली जाते.

दोन तिमाही. मग सुखसाठा बंद. ग्राफ गादीमागच्या भिंतीला, लक्ष्मीच्या फोटोच्या खाली चिकटवला.

चेतनाने तो बघून म्हटले, पावसाळामा कोन कपडा लेस? हा भावनिक मुद्दा आहे. सोडून दिला.

३ नोव्हेंबर
दिवाळी झाली. आबा म्हणतात, बरी गेली. ‘बरी’ हा आकडा नाही. आपल्या दुकानाचाही तिमाही तक्ता काढायला हवा, भाऊबीज झाली की लगेच बसतो.

१० नोव्हेंबर
आज एक मोठी गोष्ट लक्षात आली. सुखसाठाच्या स्टेटमेंटमध्ये ‘इतर खर्च’ नावाची ओळ आहे आणि ती दर तिमाहीला फुगते आहे. नफा तिथून गळतो. शहाण्याने शत्रूच्या चुकीवरून शिकावे. मी आमचे इतर खर्च शोधायला बसलो आणि ते डोळ्यांसमोरच निघाले.

बाजारच्या दिवशी डोंगरातली माणसे येतात. नर्मदाकाठच्या मणिबेलीची पहाटे होडीने निघतात, पुढे जीप. आली की पहिले आमच्याकडे. गाठोडी आमच्या कोपऱ्यात टाकायची, दारातल्या बाकड्यावर बसायचे, आबा चहा सांगणार, मग निवांत बाजार करायचा आणि संध्याकाळी गाठोडी उचलून जीप धरायची. दिवसभर दुकान की एस.टी. स्टँड कळत नाही. त्यात खरेदी किती, तर एखादा पंचा किंवा लहान मुलाचा सदरा.

आबांचे म्हणणे, होळीला वसूल होते. होळीच्या आधीच्या आठवड्यात भोंगऱ्याचा बाजार भरतो. ढोल, बासऱ्या, सगळा डोंगर खाली उतरतो, आणि एकेका पाड्याच्या सगळ्या मुली एकाच रंगाच्या ओढण्या घेऊन नाचतात. आमचे वर्ष त्या आठवड्यावर निघते, हे मी नाकारत नाही. पण त्यासाठी वर्षभर चहा? थंडी पडली की मणिबेलीची कालीबाई आणि तिच्याबरोबरच्या बाया त्या बाकड्यावर बसून, यंदा कोणता रंग, यावर तास तास बोलतात. ठरला की कालीबाई आबांना सांगते आणि आबा त्या रंगाचे ताके सुरतहून मागवतात. याला आजच्या काळात नियोजन म्हणत नाहीत.

निश्चय : चहा बंद. गाठोडी बंद. बाकडे बंद.

१३ नोव्हेंबर
आबा दुपारी जेवायला गेले तेव्हा बाकडे काढले. सागवानी, दोन माणसांना उचलेना. शेजारचा जहीर टेलर मदतीला आला आणि म्हणाला, भूपेशभाई, फेकना मत, मेरे दारमां रख देता. घेऊन गेला. आमचा भार त्याने स्वतःहून डोक्यावर घेतला.

बाकड्याच्या जागी नंदुरबारहून आणलेला प्लॅस्टिकचा पुतळा उभा केला. बिनडोक्याचा, पण त्याला पंजाबी ड्रेस चांगला दिसतो. पुतळ्याची किंमत दोन वर्षांच्या चहाइतकी पडली, मात्र तो भांडवली खर्च आहे, ‘इतर खर्चा’त धरत नाहीत.

आबा परत आले. दारात थांबून बराच वेळ पुतळ्याकडे पाहत राहिले आणि मग विचारले, बाकडं कथं गय? मी त्यांना इतर खर्चाची ओळ मोबाईलवर मोठी करून दाखवली. ते म्हणाले, त्यासना हिशोब ऱ्हाऊ दे, आपला दारमा कोन उभं शे ते देख. दारात तेव्हा कोणीच नव्हते, फक्त पुतळा होता. आबांचे डोळे तपासायला हवेत.

२९ नोव्हेंबर
बाजार. कालीबाई आली, बरोबर चार-पाच बाया. दारात थबकली. गाठोडे डोक्यावरच. मी नम्रपणे सांगितले की आता दुकानात सामान ठेवायची पद्धत बंद झाली आहे, स्टोअर पॉलिसी. तिने आबांकडे पाहिले. आबा कापडाची घडी घालत होते, तीच घडी ते पुन्हा पुन्हा घालत राहिले.

बाया जहीरकडे जाऊन बाकड्यावर बसल्या. पण जहीरचे दुकान म्हणजे मशीन आणि एक भिंत, तिथे गाठोडी कशी मावणार. मग त्या उठून कुठे गेल्या, तर सुखसाठात. तिथे दारातच सामानाचा काउंटर आहे. चोरी होऊ नये म्हणून पिशव्या बाहेर ठेवून घेतात आणि प्लॅस्टिकचे टोकन देतात. शेजारी थंड पाण्याचा नळ. कालीबाईने टोकन ओच्याला गाठ मारून बांधले, असे जहीर सांगत होता.

माझ्या दृष्टीने उत्तम झाले. गाठोडी सांभाळायचा खर्च आता त्यांच्या अंगावर. अहवालात लिहिले : ‘सामान काउंटर, निव्वळ वाया जाणारा पगार.’

हो, अहवाल लिहायला घेतला आहे. छापून घ्यायचा की कसे, नंतर ठरवीन.

६ डिसेंबर
सुखसाठात जाऊन आलो. खरेदीला नाही, पाहणीला. छत्री काउंटरवर ठेवावी लागली. बाहेर ऊन होते, छत्री मी का नेली ते आठवत नाही.

आत जे पाहिले त्याने दिवस सार्थकी लागला. एका कोपऱ्यात पोपटी ओढण्यांचा ढीग. छताला टेकायचा बाकी. एकच रंग, एकच काठ. कोणा मोठ्या शहरात न खपलेला माल हेड ऑफिसने इथे आणून ओतला आहे, हे लहान पोरालाही कळेल. फोटो काढला. वॉचमनने डिलीट करायला लावला.

स्टेटमेंटमध्ये ‘मालाच्या साठ्यातील बदल’ म्हणून एक ओळ येते, तिचा आकडा कंसात असतो. कंस म्हणजे वजा की अधिक, हे कॉलेजात शिकवले तेव्हा मी मामाच्या लग्नाला गेलो होतो. पण ढीग डोळ्यांनी पाहिल्यावर कंसाची गरज काय.

ढिगापाशी कालीबाई आणि तिच्या बाया उभ्या होत्या. ओढणीचे टोक अंगठ्याने चोळून बघत होत्या, एकमेकींच्या खांद्यावर टाकून लांबून न्याहाळत होत्या. फुकटचा वेळ घालवणे. एसीची चटक लागली की असे होते.

२४ डिसेंबर
थंडी. गिऱ्हाईक नाही. पुतळ्याला स्वेटर घातला.

१८ जानेवारी
ऑक्टोबर-डिसेंबरचा निकाल लागला. विक्री २,६९० कोटी. नफा १४८.

जेवण गेले नाही. ग्राफवर नवीन बिंदू काढला तर तो लक्ष्मीच्या फोटोत जाऊन बसतो.

१९ जानेवारी
रात्रभर विचार करून मार्ग सापडला. त्या तिमाहीत दिवाळी होती. दिवाळी वर्षातून एकदाच येते, म्हणजे ती एकवेळची बाब आहे आणि एकवेळच्या बाबी विश्लेषणातून वगळतात. तेव्हा दिवाळी वजा केली. किती वजा करायची, यासाठी जुनी रेषा समोर ठेवली आणि बिंदू तिच्यावर येईपर्यंत वजा करत गेलो. नफा २६ कोटी आला. रेषा अचूक आहे. जेवलो.

चेतना म्हणाली, तुम्ही त्यासन्या चड्ड्या मोजी ऱ्हायनात आनि आपली घसरी ऱ्हायनी. माहेर ब्राह्मणपुरीचे, तिथे असेच बोलतात. तिने पुन्हा आपल्या तक्त्याचे विचारले. म्हटले, सुखसाठाचे चौथे क्वार्टर एकदा बघतो, मग तुलना करता येईल.

२६ जानेवारी
झेंडावंदन करून आलो तर आबा कपडे घालून, टोपी घालून तयार. सुरतची ऑर्डर द्यायची वेळ झाली आणि रंग अजून कोणी सांगितलेला नाही. त्यांनी मला विचारले, यंदा कोनता रंग म्हनी ऱ्हायनी कालीबाई? मला कसे ठाऊक असणार. आबा म्हणाले, मी मोलगीपर्यंत जीपने जातो आणि तिथे निरोप ठेवतो. या गुडघ्यांनी. मी त्यांना बसवले आणि शांतपणे समजावले की एका रंगावर वर्ष लावणे हा जुगार आहे. सुखसाठाचा पोपटी ढीग बघा, तसे करायचे आहे का. आपण चाळीस रंग घेऊ, प्रत्येकी दोन. काही गेले तरी काही राहील.

आबांनी टोपी काढून गादीवर ठेवली. मग म्हणाले, दुकान तुन्हं शे, तू देख. पन होळीले नही जमनं ते दुकान बंद करी टाकसूत, मन्हाघाई आते रिकामी गादीवर बसाई नही जात.

मला जरा कसेसेच झाले. पण निर्णय भावनेवर घेत नाहीत.

ऑर्डर दिली. सुरतचा व्यापारी फोनवर दोनदा म्हणाला, दो-दो पीस? पक्का? शिकलेले गिऱ्हाईक त्याला सवयीचे नसावे.

४ फेब्रुवारी
जहीर आला. हातात टेप, तोंडात टाचण्या. टाचण्या काढून म्हणाला की बाया त्याच्याकडे बाकड्यावर बसतात तेव्हा त्याच्या कानावर पडते. वो सब औरतां पोपटी बोलरई भूपेशभाई, कालीबाई खुद बोली. अजून वेळ आहे, ताके मागव, असा त्याचा सल्ला.

पोपटी. म्हणजे शत्रूचा मेलेला माल मी पैसे देऊन विकत आणायचा. मी जहीरला सांगितले की त्याच्या माहितीचा सॅम्पल साईज फार लहान आहे. त्याने टाचण्या पुन्हा तोंडात धरल्या आणि गेला. चांगला माणूस, पण कॉमर्सचा नाही.

आबांना यातले काही सांगितले नाही. उगाच त्यांचा जीव वरखाली.

२ मार्च
माल लागला. चाळीस रंग. फळीवर पंख्यासारखे मांडले. खरोखर देखणे. गुलाबीच्या चार छटा आहेत. चेतनाने पाहून डोळे मिटले, बहुतेक डोकेदुखी.

७ मार्च, सकाळी सात
भोंगऱ्या. आमच्या बाजारचा दिवस आज. पहाटेपासून जीपा येत आहेत, टपावरही माणसे. ढोल ऐकू येतो. नवीन शर्ट घातला. पुतळ्याचा स्वेटर काढला. आबांनी गादीला नवीन खोळ घातली, लक्ष्मीला हार. अहवालाचे शेवटचे पान लिहून तयार आहे, फक्त तारीख घालायची.

त्याच दिवशी, दुपारी बारा
रस्ता पोपटी झाला आहे. इकडून तिकडून पोपटी.

त्याच दिवशी, चार
एक मुलगी आली, मागे तिच्या पाड्याच्या सगळ्या. सुखसाठातल्या संपल्या म्हणाली, तुमच्याकडे पोपटी द्या, तीस. माझ्याकडे दोन. बरं, दुसऱ्या कोणत्याही रंगाच्या तीस द्या, पण एकसारख्या. मी तिच्यापुढे चाळीस रंग पसरले. एकेक उलगडून, छटा समजावून. तिने सगळे ऐकून घेतले आणि आबांना विचारले की तुम्ही आजारी होता का.

आबा म्हणाले, हो बेटा, आजारी होतो.

त्याच दिवशी, सहा
जीपा परत निघाल्या. सुखसाठाच्या सामान काउंटरची रांग पार रस्त्यापर्यंत होती म्हणे. चेतना शटर अर्धे ओढून दुकान झाडत होती, झाडण्यासारखे काही नव्हते तरी झाडत होती. मी मदत करू का विचारले. नको म्हणाली.

गुलाबीची एक छटा गेली. दोन्ही नग. हे नोंदवणे प्रामाणिकपणाचे आहे.

१४ मार्च
धुळवड. कोणी रंग लावायला आले नाही, किंवा मी दार उघडले नाही.

३१ मार्च
दुकान आज बंद केले. आबांनी स्वतः कुलूप लावले, दोनदा ओढून पाहिले. उरलेला माल सुरतने निम्म्या भावाने परत घेतला, पुतळा नाही घेतला. जहीर आणि त्याच्या मेहुण्याने बाकडे आमच्या घरी आणून ओसरीवर ठेवले. आबा आले, त्यावर बसले, आणि जहीरसाठी चहा सांगितला. कपात बोट घालून माशी काढत जहीर म्हणाला, चाचा, दुकान कुठे जात नाही. आबा हसले. मला त्या हसण्याकडे बघवले नाही.

ग्राफ घरी आणला. रेषा आजच शून्याला टेकायची होती. टेकली. पद्धतीत चूक नव्हती, दुकान तेवढे दुसरे निघाले.

आता आमचा तिमाही तक्ता काढायची गरज उरली नाही, त्यामुळे एक काम कमी झाले.

१६ एप्रिल
अहवाल घेऊन सुखसाठाच्या ब्रँच मॅनेजरांना भेटलो. ईश्वर चौधरी, शिरपूरकडचे. माझा हेतू असा की एवढा अभ्यास झालाच आहे तर कंपनीला तिच्या अंताची आगाऊ कल्पना द्यावी, कदाचित ते मला विश्लेषक म्हणून बोलावतील. चौधरींनी आदराने खुर्ची दिली. अहवालाची स्पायरल बाइंडिंग कुठे केली ते विचारले. मग माझे वय विचारले, आणि उभे राहून काम करायची सवय आहे का ते विचारले. कापड दुकानात आयुष्य गेले, म्हटले.

म्हणाले, वहिनी बोलून गेल्या होत्या. जागा आहे एक.

चेतना कधी गेली होती, मला ठाऊक नाही. घरी विचारले तर म्हणाली, किराणा संपेल त्याच्या आधी गेले.

२ मे
कामावर रुजू. हे नोकरी म्हणून नाही, आतून अभ्यास करण्यासाठी आहे. मोठ्या कंपन्यांचे विश्लेषण बाहेरून पूर्ण होत नाही. पोस्टिंग : सामान काउंटर. पोपटी टी-शर्ट देतात.

२० मे
जानेवारी-मार्चचा निकाल. विक्री २,६९० वरून २,३८०. नफा १४८ वरून ८४. घसरण, आणि केवढी. काउंटरखाली मोबाईल धरून वाचले आणि आनंदाच्या भरात एकाची पिशवी दुसऱ्याला दिली. घरी येऊन पट्टी काढली. चेतना भाकरी थापत होती, तिकडूनच म्हणाली, दिवाळी गयी का सगळासनाच धंदा पडस, मागल्या होळीशी लावीसन देखा. मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी लावून पाहिले. विक्री सोळा टक्क्यांनी वर. खाली कंपनीने एक ओळ दिली आहे : ग्रामीण शाखांमध्ये सणाच्या काळात उत्तम मागणी.

पट्टी परत ठेवली.

‘कर्मचारी खर्च’ या ओळीकडे आज नव्याने पाहिले. पुढच्या वेळी त्यात मी असेन. कोटींच्या आकड्यात माझा पगार दशांश चिन्हाच्याही फार उजवीकडे पडतो, तो छापत नाहीत. तरी बरे वाटले. कुठेतरी धरला आहे.

२१ मे
एक गोष्ट आठवली आणि घाम फुटला. अहवालात मी सामान काउंटर बंद करावा असे लिहिले आहे. ठळक अक्षरात. ताबडतोब चौधरींकडे जाऊन अहवाल दुरुस्तीसाठी परत मागितला. म्हणाले, तो तर हेड ऑफिसला पाठवला, तुमच्याच नावाने, चांगल्या सूचना वर पाठवाव्या लागतात. मी आभार मानले. एवढ्या मोठ्या ऑफिसात कोण वाचतो.

१७ ऑगस्ट
नोंद करण्यासारखे नाही. पाऊस. छत्र्यांना टोकन लावता लावता हात ओले. एप्रिल-जूनचा निकाल लागला आहे, वाचीन.

२ सप्टेंबर
वाचला नाही.

७ नोव्हेंबर
चौधरींनी मला आत बोलावून बसायला सांगितले. इथे कोणी कोणाला बसायला सांगत नाही, त्यावरून समजले. हेड ऑफिसने लहान गावांतल्या शाखांचे सामान काउंटर मार्चअखेर बंद करायचे ठरवले आहे. भिंतीत कुलपाचे कप्पे बसणार. पत्रात ‘शाखा पातळीवरून आलेल्या सूचनेनुसार’ असे लिहिले आहे. चौधरींना वाईट वाटले. मलाही वाटले, पण खोटे कशाला लिहू, आयुष्यात माझा सल्ला कोणी ऐकल्याची ही पहिलीच वेळ.

मार्चला अजून वेळ आहे. काहीतरी सुचेल.

२८ नोव्हेंबर
बाजार. थंडी पडली आहे.

कालीबाई आली. भोंगऱ्यानंतर पहिल्यांदाच दिसली. होळीनंतर त्या सगळ्या मजुरीला गुजरातेत गेल्या, मधे पावसात होडी बंद होती, मग तिच्या सुनेचे बाळंतपण. गाठोडे काउंटरवर ठेवले आणि वर बघितले तेव्हा तिने मला ओळखले. टी-शर्टकडे पाहून हसली. मी टोकन पुढे केले तर म्हणाली, तुझ्याकडे ठेवते, मग हे कशाला. मी म्हटले, नियम आहे. तिने घेतले आणि ओच्याला बांधले.

बाकीच्या बाया तोवर दाराशेजारी भिंतीला टेकून खाली बसल्या. वॉचमन आला. इथे बसायचे नाही, हे त्यांना मी सांगावे असे त्याने मला सांगितले, कारण माझी ओळख. मी सांगितले. उठल्या.

कालीबाई मात्र काउंटरला हात टेकून उभीच राहिली. म्हणाली, तुमचे दुकान आज बंद दिसले, तुझ्या आबाला बरे नाही का. मागे रांग लागली होती. मी म्हटले, आज बंद आहे. मग ती पुढे वाकली आणि आबांना सांगायची तशी हळू आवाजात म्हणाली, या होळीला पिवळा, पिकल्या आंब्यासारखा, काठ लाल. मागच्या वेळी तुमच्याकडे मिळाला नाही, पोरी नाराज झाल्या. या वेळी तुझ्या आबाला आधी सांग.

मी हो म्हटले. संध्याकाळी तिने टोकन दिले, मी गाठोडे दिले. जीप भरून गेली.

घरी आलो. आबा ओसरीवर बाकड्यावर बसले होते, अंगावर शाल. शेजारी बसलो. त्या बाकड्यावर मी कधी बसलो नव्हतो, चांगले रुंद आहे. आबांना सांगितले की कालीबाई भेटली होती, यंदा पिवळा म्हणते, आंब्याचा, लाल काठाचा.

आबा ताठ बसले. खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर लावला, जसे सुरतला फोन करायचा असेल तेव्हा लावायचे. आणि मला विचारले, कितल्या?

मी ते विचारलेच नव्हते.